भाषा शिकण्यामागील प्रेरणा



लहान मूल मातृभाषा आत्मसात करते तेव्हा ‘ही भाषा मला शिकायची आहे’ असे त्याला ठरवावे लागत नाही. प्रौढ वयात नवी भाषा शिकणाऱ्या माणसाला मात्र ते रोज नव्याने ठरवावे लागते. या निश्चयाला बळ देणारी, त्याला दिशा देणारी आणि तो टिकवून धरणारी जी मानसिक शक्ती, तिला मानसशास्त्रात ‘प्रेरणा’ असे म्हणतात. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने तिचा विचार का करावा, असा प्रश्न आपल्या मनात येईल. पुढील दोन अभ्यास पाहिल्यावर त्याचे उत्तर मिळेल.

मॅकगिल विद्यापीठातील वॉलेस लॅम्बर्ट आणि रॉबर्ट गार्डनर यांनी १९५९ साली एक संशोधन प्रसिद्ध केले. कॅनडातील माँट्रियल येथे फ्रेंच शिकणाऱ्या ७५ इंग्रजीभाषक शालेय विद्यार्थ्यांचा तो अभ्यास होता. फ्रेंचमधील यश हे भाषिक अभिक्षमता आणि प्रेरणा या दोन स्वतंत्र घटकांशी निगडित असल्याचे त्यांना आढळले. प्रेरणेचा विचार करताना त्यांनी दोन प्रवृत्ती वेगळ्या केल्या. नोकरी, पदवी अशा लाभासाठी भाषा शिकणे ही ‘साधनात्मक’ प्रवृत्ती; ती भाषा बोलणाऱ्या समाजाला जाणून घ्यावे, त्याच्या जवळ जावे या ओढीने शिकणे ही ‘समरसतेची’ प्रवृत्ती. माँट्रियलमध्ये दुसऱ्या प्रवृत्तीचे विद्यार्थी अधिक यशस्वी ठरले. परिणामी, समरसतेची प्रेरणा श्रेष्ठ आणि साधनात्मक प्रेरणा दुय्यम, अशी समजूत बराच काळ रूढ राहिली.

या समजुतीला महत्त्वाचा छेद देणारा एक अभ्यास मराठी भाषकांवरच झाला आहे, आणि आपल्याकडे त्याचा उल्लेख व्हावा तितका होत नाही. यास्मिन लुकमानी यांनी १९७२ साली मुंबईतील ६० मराठीभाषक शालेय विद्यार्थिनींच्या इंग्रजी शिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुली तुलनेने कमी पाश्चात्त्य वळणाच्या घरांतून आलेल्या होत्या. त्यांची प्रेरणा प्रामुख्याने साधनात्मक होती, आणि त्यांचे इंग्रजीवरील प्रभुत्व याच प्रेरणेशी जोडलेले आढळले. शहरातील इंग्रजी बोलणाऱ्या वर्गात मिसळून जावे ही त्यांची आकांक्षा नव्हती. स्वतःच्या जीवनपद्धतीत पाय घट्ट रोवून, आधुनिक जगाशी व्यवहार करण्याचे साधन म्हणून त्यांना इंग्रजी हवी होती. माँट्रियलमध्ये फ्रेंच भाषकांचा समाज शेजारीच नांदत होता. मुंबईतील या मुलींपुढची परिस्थिती वेगळी होती. तेव्हा प्रेरणेची प्रतवारी भाषेचे त्या समाजातील स्थान लक्षात घेतल्याशिवाय करता येत नाही.

हे विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. संपर्क सत्रात ‘आपण या वयात बी. ए. का करता?’ असे विचारले की काही विद्यार्थी खाली मान घालून ‘पदोन्नतीसाठी’ असे म्हणतात. साहित्याच्या आवडीने आलेले मात्र ताठ मानेने बोलतात. हा संकोच मला अनाठायी वाटतो.

अर्थात बाह्य लाभाची एक अडचण आहे, तीही पाहू. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना चित्राबद्दल प्रशस्तिपत्र देण्याचे आधीच कबूल केले, काहींना ते अनपेक्षितपणे दिले, तर काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातील मुलांनी चित्रे काढण्यात इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालवला. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. म्हणजे नुकसान बक्षिसामुळे झाले नाही. ‘मी हे बक्षिसासाठी करतो’ या जाणिवेमुळे झाले.

मग पदोन्नतीसाठी शिकणाऱ्याची गोडी आटणारच का? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वनिर्णय सिद्धांतात याचे उत्तर सापडते. त्यांच्या मते बाह्य प्रेरणा एकाच प्रकारची नसते. वरिष्ठांच्या दडपणाने शिकणे ही एक पायरी. ‘नापास झालो तर घरचे काय म्हणतील’ या अपराधभावाने शिकणे ही दुसरी. ‘हे माझ्या आयुष्याला आवश्यक आहे’ असे पटून शिकणे ही तिसरी, आणि ते प्रयोजन आपल्या एकूण मूल्यांशी एकजीव होणे ही चौथी. लाभ तोच असला तरी पायरीगणिक त्यावरील आपली मालकी वाढत जाते. आपली निवड, आपले वाढते कौशल्य आणि सोबतीची माणसे, म्हणजेच स्वायत्तता, सक्षमता आणि संबद्धता या तीन गरजा भागल्या, तर वरची पायरी गाठणे सुकर होते. दूरशिक्षणात पहिली गरज सहज भागते. तिसरीची उणीव भासते. स्वनविचाराचे प्रकरण एकट्याने वाचताना कंटाळा येतो तो बहुधा यामुळेच. ते दोघा-तिघांनी मोठ्याने उच्चार करीत वाचून पाहावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : आपण या अभ्यासक्रमास प्रवेश का घेतला, ते एका वाक्यात लिहा. हे कारण प्रवेशाच्या दिवशी वरील चार पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर होते आणि आज कोणत्या पायरीवर आहे, ते पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.