'केलं' की 'करून घेतलं'? कस्टमरच्या मेलमध्ये हॅव, गेट, मेक आणि लेट



आधी ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा.

'वी हॅड प्लेटेड द ब्रॅकेट्स.'
'वी हॅड द ब्रॅकेट्स प्लेटेड.'

शब्द तेच पाच. फक्त 'प्लेटेड'ची जागा बदलली. पण पहिल्याचा अर्थ होतो, 'प्लेटिंग आम्हीच केलं होतं.' दुसऱ्याचा अर्थ, 'प्लेटिंग आम्ही दुसऱ्याकडून करून घेतलं.'

आता समजा, तुमचं शॉप तळवड्यात आहे, प्लेटर भोसरी एमआयडीसीत आहे आणि माल जातो चाकणच्या कंपनीला. लॉट रिजेक्ट झाला आणि तुम्ही मेलमध्ये पहिलं वाक्य लिहिलं. क्वालिटीचा माणूस समजणार, यांच्याकडे प्लेटिंग लाइन आहे. तो प्रोसेसचे कागद मागणार आणि ते तुमच्याकडे नसणार. वाहन उद्योगात प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट या 'स्पेशल प्रोसेस' मानल्या जातात. त्यांच्या तपासणीसाठी सीक्यूआय-11 आणि सीक्यूआय-9 अशा वेगळ्या पद्धती आहेत. त्यामुळे काम कुठे झालं, हा प्रश्न तिथे महत्त्वाचा असतो. शिवाय तुमच्या जॉब वर्कच्या चलनावर प्लेटरचं नाव असतंच. मेल एक सांगतो, चलन दुसरंच सांगतं, असं दिसलं की विश्वास कमी होतो.

गंमत म्हणजे हा फरक मराठीत आपण कधीच चुकवत नाही. करणं, करून घेणं, करायला सांगणं, करायला लावणं, करू देणं. प्रत्येकाची छटा आपल्याला पाठ आहे. इंग्रजी लिहिताना आधी मराठीत ठरवा, मग शब्द निवडा.

1. करून घेणं: हॅव किंवा गेट, पुढे वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप

'वी गॉट द गेज कॅलिब्रेटेड.' गेज कॅलिब्रेट करून घेतला.
'वी विल हॅव द मशीन रिपेअर्ड बाय फ्रायडे.' मशीन शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून घेऊ.

दोन्ही बरोबर. बोलताना 'गेट' जास्त चालतं, मेलमध्ये 'हॅव' थोडं औपचारिक वाटतं. क्रम मात्र पक्का ठेवा. वस्तू आधी, काम नंतर.

2. करायला सांगणं: हॅव, पुढे माणूस

'आय विल हॅव माय सुपरवायझर कॉल यू.' सुपरवायझरला तुम्हाला फोन करायला सांगतो. ते त्याचं नेहमीचं कामच आहे, म्हणून 'हॅव'.

3. गळ घालून करून घेणं: गेट, पुढे माणूस, मग 'टू'

'वी गॉट द प्लेटर टू रन अवर लॉट फर्स्ट.' प्लेटरकडे रांग होती, तरी त्याला राजी केलं. यात तुमची खटपट दिसते. कस्टमरला ती दिसायलाच हवी.

4. करायला लावणं, भाग पाडणं: मेक

'वी मेड द ऑपरेटर वर्क ऑन संडे.' आपल्याला म्हणायचं असतं, रविवारीही काम चालू ठेवलं. वाचणाऱ्याला वाटतं, माणसाला जबरदस्तीने राबवलं. ऑपरेटर स्वखुशीने ओव्हरटाइमवर आला असेल तर 'द ऑपरेटर अग्रीड टू वर्क ऑन संडे' असं लिहा. खरंच जबरदस्ती केली असेल, तर मात्र क्रियापद बदलून काही सुधारणार नाही. सुधारायचं ते शॉपमध्ये.

कारण सांगताना 'मेक' छान चालतं. 'द लूज क्लॅम्प मेड द टूल ब्रेक.' सैल क्लॅम्पमुळे टूल तुटलं.

5. करू देणं: लेट

'प्लीज लेट अवर ड्रायव्हर अनलोड बिफोर लंच.' इथे परवानगी मागितली आहे.

हे सांभाळून वापरा. 'वी लेट द ट्रेनी रन द मशीन' म्हणजे ट्रेनीला मशीन चालवू दिलं. 'वी मेड द ट्रेनी रन द मशीन' म्हणजे चालवायला लावलं. रिजेक्शनच्या उत्तरात या दोन वाक्यांतून जबाबदारी वेगवेगळी दिसते. जे घडलं तेच लिहा.

'टू' कुठे लावायचा?

माणसाकडून काम होत असेल तर हॅव, मेक आणि लेट यांच्यापुढे 'टू' नाही. गेट आणि आस्क यांच्यापुढे 'टू' हवाच. 'वी मेड हिम टू चेक' चूक, 'वी मेड हिम चेक' बरोबर. 'वी गॉट हिम चेक' चूक, 'वी गॉट हिम टू चेक' बरोबर.

आणि एक लक्षात ठेवा. 'करून घेतलं' असं लिहिलं म्हणून जबाबदारी प्लेटरवर ढकलली जात नाही. कस्टमरची पीओ तुमच्या नावावर आहे. त्यामुळे पुढचं वाक्य लगेच जोडा. 'वी हॅड द ब्रॅकेट्स प्लेटेड, अँड वी विल चेक एव्हरी लॉट बिफोर डिस्पॅच.' प्लेटिंग बाहेरून करून घेतलं, आणि इथून पुढे प्रत्येक लॉट पाठवण्याआधी आम्ही तपासू. अर्थात, तपासणार असाल तरच लिहा.

आज एवढंच करा. कस्टमरला पाठवलेले शेवटचे पाच मेल उघडा. जिथे 'वी डिड', 'वी रिपेअर्ड', 'वी प्लेटेड' असं दिसेल, तिथे स्वतःला विचारा, हे मी केलं की करून घेतलं? करून घेतलं असेल, तर ते वाक्य वरच्या क्रमाने पुन्हा लिहून काढा. पुढचा मेल लिहाल तेव्हा हात आपोआप बरोबर चालेल.