अंटार्क्टिकाची कोरडी माती आणि तिच्यातली ओल



मातीत ओल किती आणि क्षार किती, हे दोन प्रश्न गटागटांतून हिंडताना आम्हाला रोज भेटतात. याच दोन प्रश्नांसाठी काही शास्त्रज्ञ दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिका खंडावर जातात, असे सांगितले तर तुम्ही म्हणाल, तिथे नुसता बर्फ, माती आली कुठून?

माती आहे. मॅकमर्डो नावाच्या भागात काही दऱ्या उघड्या बोडक्या आहेत. स्कॉट या इंग्रज दर्यावर्द्याच्या तुकडीला १९०३ साली त्यातली एक प्रथम दिसली. खंडावरचा बर्फ समुद्राकडे सरकू पाहतो, पण मध्ये डोंगराची मोठी रांग आडवी येते, म्हणून तो या दऱ्यांत फारसा उतरत नाही. पाऊस नाहीच. जो हिमवर्षाव होतो तो वितळवून मोजला तर वर्षाला १०० मिलिमीटरही भरत नाही. दरीच्या तळाला काही ठिकाणी ५० च्या आतच. त्यातलेही बरेचसे हिम पाणी न होता परस्पर वाऱ्यावर उडून जाते. वर्षाचे सरासरी तापमान शून्याखाली २० अंशांच्या आसपास. आपला दुष्काळी पट्टा याच्यापुढे बागायतीच म्हणायचा!

या जमिनीत खड्डा घेतला की वर गोट्यांचा थर लागतो, वाऱ्याने बारीक माती उडून राहिलेला. खाली वाळूमुरमासारखी भुसभुशीत कोरडी माती, तिच्यात ओल अनेक ठिकाणी शेकडा एक-दोन भागसुद्धा नाही. त्याखाली मात्र कुठे वीतभर तर कुठे हात-दोन हात खोलीवर पहार लावली तरी फुटणार नाही असा थर लागतो. ती मातीच, पण बर्फाने सिमेंटसारखी बांधलेली. म्हणजे पाणी आहे, पण कुलपात आहे. वाफसा हा शब्द तिथे कुणाला समजावून सांगायचा म्हणजे पंचाईतच.

ओल मोजायची पद्धत आपल्या प्रयोगशाळेतलीच. नमुना हवाबंद डब्यात भरायचा, वजन करायचे, १०५ अंशांवर भट्टीत सुकवायचा आणि पुन्हा वजन करायचे. वर्षभराची नोंद हवी तर मातीत सेन्सर पुरून ठेवतात. ठिबकवाले काही सभासद ते ओळखतात. विजेच्या लहरींवर पाण्याचा परिणाम होतो, त्यावर हे यंत्र चालते. पाण्याचा हा गुण आकड्यात ८० च्या जवळ, कोरड्या मातीचा तीन-चार, आणि बर्फाचा तीनच्या जवळपास. त्यामुळे माती बर्फाने गच्च असली तरी यंत्र तिला कोरडी ठरवते! शिवाय मातीत क्षार जास्त असले की पाणी शून्य अंशाखालीही गोठत नाही, आणि त्याच क्षारांमुळे यंत्राचा आकडाही चुकू शकतो. म्हणून तापमान आणि क्षार यांची नोंद सोबत असल्याशिवाय ओलीचा आकडा खरा धरत नाहीत.

आता क्षारांचे. समुद्राच्या तुषारांतून, हवेतून आणि खडक झिजून क्षार येत राहतात, पण त्यांना धुऊन नेणारे पाणी नाही. हजारो-लाखो वर्षांत ते साचले. किनाऱ्याजवळ मिठासारखे क्लोराइड, आत उंचावर नायट्रेट. जमीन जितकी जुनी तितका क्षारांचा थर ठळक. न्यूझीलंडच्या आणि अमेरिकेच्या मृदाशास्त्रज्ञांनी यावरूनच जमिनींचे वय ताडण्याच्या पायऱ्या बसवल्या. नायट्रेट म्हणजे आपले नत्रच की! आपल्या उसात पाण्याची पाळी जड झाली की तेच नत्र मुळांखाली वाहून जाते आणि युरियाचे पैसे पाण्यात जातात. तिथे साठा पडून आहे, पण खाणारे पीक नाही. राईट दरीतले डॉन जुआन नावाचे डबके तर कॅल्शियम क्लोराइडने इतके खारट की शून्याखाली ५० अंशांपर्यंत गोठत नाही.

आमच्या कार्यक्षेत्रातले क्षारपड रान आणि ते रान यांत कारणे उलटी आहेत. तिथे पाणी नाही म्हणून क्षार राहिले, इथे आपण पाणी अति दिले, निचरा ठेवला नाही, म्हणून ते खालून वर आले. पण क्षार कुठल्या खोलीवर आहेत हे पाहिल्याशिवाय दोन्हीकडे निदान होत नाही. तिथे खड्ड्याच्या प्रत्येक थराचा नमुना वेगळा घेतात. आमच्याकडे मात्र वरची मूठभर माती कागदात बांधून येते. क्षारपडीची शंका असेल तर एक फूट, दोन फूट आणि तीन फूट असे वेगवेगळे नमुने आणावेत.

तिथले लोक खड्डा बुजवताना थर होते त्याच क्रमाने भरतात आणि वर गोटे पुन्हा मांडतात, कारण पावलाची खूणसुद्धा तिथे अनेक वर्षे राहते.

अशा मातीतही जीव आहे. सूत्रकृमी म्हटले की आपल्याला मुळांच्या गाठी आठवतात. तिथले सूत्रकृमी जिवाणू आणि यीस्ट खाऊन जगतात. ओल संपली की ते अंगातले पाणी टाकून वेटोळे करून पडतात आणि ओल आली की पुन्हा हलू लागतात. अमेरिकेचे शास्त्रज्ञ १९९३ पासून तिथे सलग नोंदी ठेवतात. २००१-०२ च्या उन्हाळ्यात ऊब वाढली, हिमनद्या वितळल्या आणि पाणी मातीत शिरले. कोरड्या मातीत रुळलेली सूत्रकृमीची मुख्य जात त्यानंतर वाढायच्या ऐवजी घटली, ओल मानवणारी दुसरी जात वाढली, आणि पाणी ओसरून कित्येक हंगाम गेले तरी तो फरक नोंदींत दिसत राहिला.