दोन जिवांची बाई आणि तिचा जानेवारी

 

आज बोलायचंय गरोदर बाईच्या विरंगुळ्याबद्दल. गरोदर बाईची आपण चौकशी खूप करतो. लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, वजन किती वाढलं. हे विचारलंच पाहिजे. पण तिला एकदा असंही विचारून बघा, "गेल्या महिन्यात तू मनाला बरं वाटेल असं काय केलंस?" बहुतेक जणी हसून खाली बघतात. काही जणी म्हणतात, "ताई, सोनोग्राफीला तालुक्याला गेले होते की." म्हणजे दवाखान्याची फेरी हीच तिची सहल.

बाळ आलं की पुढचं वर्षभर बाईला धड झोपायला मिळत नाही, मग पुस्तक आणि फिरणं कुठलं? म्हणून हे मधले महिने महत्त्वाचे. मी आज एक महिना मांडून दाखवते. महिना घेतलाय जानेवारी. थंडी असते, उन्हाचा त्रास नसतो, सण असतो आणि आपल्या सातारा भागात जवळ जाण्यासारखी ठिकाणंही आहेत. तुमचा महिना वेगळा असेल तर बेत तसा बदला.

आधी कुणासाठी ते सांगते. चौथा, पाचवा, सहावा महिना यासाठी सगळ्यात बरा. मळमळ कमी झालेली असते आणि पोटाचं ओझं अजून फार नसतं. सातव्यात डॉक्टरांना विचारून जवळपास जावं. आठव्यानंतर गावातच राहावं. आणि काही जणींनी प्रवास करूच नये. अंगावरून रक्त गेलं आहे, वार खाली आहे असं सांगितलंय, रक्तदाब वाढलाय, रक्त फार कमी आहे, आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालंय, किंवा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, अशा बायांनी घरातला भाग घ्यावा, बाहेरचा सोडावा. घरातला भागही काही कमी नाही.

आता पहिली अडचण. वेळ. पाणी, जनावरं, रान, स्वयंपाक यातून वेळ काढायचा कुठून? हा वेळ एकट्या सुनेला मिळत नाही, तो गटानं मिळवून द्यावा लागतो. आपल्या गटात दहा-बारा बाया असतात. महिन्यात आठवडे चार. दर आठवड्याला दोघींनी त्या सुनेची एक दुपार उचलायची. एकीनं पाणी भरायचं, दुसरीनं शेळ्यांना चारा टाकायचा किंवा थोरल्या मुलाला सांभाळायचं. दोघींच्या वाट्याला महिन्यातून एकच दुपार येते. उद्या त्यांच्या सुनेची, लेकीची पाळी आली की ही परतफेड होते. बचतीचा व्यवहार आपल्याला कळतो, मग हाही कळेल. बैठकीच्या वहीत नावं लिहून टाका, म्हणजे विसरायला होत नाही.

पहिला आठवडा पुस्तकाचा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, त्या निमित्तानं गावच्या वाचनालयात पाऊल टाका. महाराष्ट्रात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. गावोगावच्या मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे असतात आणि सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे ते वाचनालय आपल्याही पैशावर चालतं. तरी तिथे दुपारी बाई बसलेली दिसत नाही. एकटीला अवघड वाटत असेल तर तिघी-चौघी मिळून जा. वर्गणी गटातल्या एकीच्या नावानं भरली तरी पुस्तक घरी आणता येतं आणि आळीपाळीनं वाचता येतं.

काय वाचावं? साने गुरुजींचं 'श्यामची आई' बहुतेक वाचनालयांत असतं. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं गेलं. एकेका रात्री एकेक गोष्ट, अशी त्याची मांडणी आहे, म्हणून रोज संध्याकाळी एक वाचायला सोपं. शेवट मात्र रडवणारा आहे. मन हळवं असेल तर शेवटच्या काही रात्री बाळंतपणानंतर वाचल्या तरी चालतील. हसायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. शाळेत न गेलेली, लग्नानंतर नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकलेली ही बाई. स्वतःच्या संसारातली फजिती ती इतकी मोकळेपणानं सांगते की आपल्याच आळीतली कुणी बोलतेय असं वाटतं. झाडा-रानाची आवड असेल तर डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' बघा. गडचिरोलीच्या बाया आणि तिथली झाडं यांच्या नात्याचं ते पुस्तक आहे.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करायचं? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी कागदावर उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं आणि आज शाळेत शिकवतात. तेव्हा अक्षर येत नाही म्हणून गोष्ट अडत नाही. बैठकीत हप्ता गोळा झाला की शेवटची पंधरा मिनिटं एकीनं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. शाळेत जाणारी पुतणी, भाची असेल तर तिच्याकडून वाचून घ्या. तिचंही वाचन सुधारतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. अमुक पुस्तक वाचलं की हुशार बाळ होतं, तमुक ऐकलं की मुलगाच होतो, असं सांगून कुणी महागडं पुस्तक किंवा वर्ग गळ्यात मारत असेल तर पैसे देऊ नका. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो तेव्हाच ठरलेलं असतं. खरं एवढंच आहे की सहाव्या महिन्याच्या आसपास बाळाला पोटात आवाज ऐकू येऊ लागतात, आणि त्यात आईचा आवाज सगळ्यात जवळचा. १९८६ साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि स्पेन्स या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. काही गरोदर बायांनी शेवटचे सहा आठवडे लहान मुलांची एकच गोष्ट रोज मोठ्यानं वाचली. जन्मल्यावर त्या बाळांनी नव्या गोष्टीपेक्षा तीच ओळखीची गोष्ट ऐकणं पसंत केलं. म्हणजे तुम्ही ओवी म्हणा, गोष्ट वाचा, नाहीतर कोंबड्यांना हाका मारा, बाळ तुमचा आवाज ओळखायला शिकतं. त्यासाठी पोटाला मोबाइल लावायची गरज नाही. उलट डीजेच्या भिंतीपुढे, मोठ्या कर्ण्याजवळ उभं राहणं टाळा.

दुसरा आठवडा तपासणीचा आणि त्याला जोडून थोडं फिरण्याचा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. २०१६ पासून हे चालू आहे. डॉक्टर तपासतात, पैसे लागत नाहीत. ज्या घरात "कशाला बाहेर जायचं?" असं विचारतात, त्या घरातही या तारखेला नाही म्हणत नाहीत. तेव्हा आशाताईबरोबर किंवा सासूबाईंबरोबर जा, तपासणी करा आणि परत येताना अर्धा तास काढा. वाईत असाल तर कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीपाशी सावलीत बसा. पायऱ्या ओल्या असतील तर पाण्यापर्यंत उतरू नका. सासूबाईंनाही हा अर्धा तास हवा असतो, त्यांना कुणी विचारलेलं नसतं इतकंच.

तिसरा आठवडा संक्रांतीचा. इथे करमणूक आपोआप दारात येते. फक्त तिचं काम वाढवू नका. शंभर बायांना वाण वाटायचं म्हणून गरोदर सुनेनं चार तास उभं राहायचं, हा काही विरंगुळा नाही. तिला खुर्ची द्या, हळदीकुंकू लावायचं काम द्या, जड पातेली दुसरीनं उचलावीत. तीळ उष्ण म्हणून काही घरांत तिला लाडू देत नाहीत. तिळात चुना आणि लोह दोन्ही असतं. जेवणाबरोबर एखादा लाडू खाल्ल्यानं काही बिघडत नाही. साखरेचा त्रास निघाला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि यंदा वाणाला प्लास्टिकच्या डब्याऐवजी पातळ पुस्तक देऊन बघा. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांची लहान मुलांची चित्रांची पुस्तकं मिळतात. पुढच्या संक्रांतीला बोरन्हाण होईल तेव्हा ते पुस्तक बाळाच्या हातात असेल. हळदीकुंकवाला गावातल्या विधवा मैत्रिणींनाही बोलवा. त्याशिवाय बैठक पुरी होत नाही.

याच दिवसांत रानात हुरडा असतो. आगटीच्या धुराच्या उलट बाजूला बसा, गरम हुरडा पोटाला मानवेल तेवढा खा, अंधार पडायच्या आत घरी या.

चौथा आठवडा खऱ्या सहलीचा. दोन ठिकाणं सुचवते. पहिलं नायगाव, खंडाळा तालुक्यातलं. सावित्रीबाईंचा जन्म इथे १८३१ साली झाला. त्यांच्या घराचं स्मारक केलेलं आहे. जयंतीला तिथे मोठी गर्दी असते, म्हणून गरोदर बाईनं नंतरचा निवांत दिवस निवडावा. सावित्रीबाईंची शाळा सगळ्यांना माहीत असते. पण १८६३ साली फुले पतिपत्नींनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या, घराबाहेर काढलेल्या गरोदर विधवांना तिथे सुखरूप बाळंत होता येत असे. त्यातल्याच एका मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं. पोटात बाळ असताना त्या घरात उभं राहून हे आठवलं की आपल्या आधीच्या बायांनी काय काय सोसलंय आणि कुणी हात दिलाय ते कळतं.

दुसरं ठिकाण भिलार, महाबळेश्वर तालुक्यातलं. ४ मे २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे. गावकऱ्यांच्या घरांत, ओसरीवर, शाळेत, देवळात कपाटं भरून मराठी पुस्तकं ठेवली आहेत. एका घरात कथा, दुसऱ्यात संतसाहित्य, तिसऱ्यात मुलांची पुस्तकं. कुठल्याही घरात जाऊन बसा आणि वाचा, पैसे लागत नाहीत. जानेवारीत तिथे स्ट्रॉबेरीही असते. स्वच्छ पाण्यानं नीट धुऊनच खा. वाईकडून जाताना पसरणी घाटाची वळणं लागतात. पुढच्या बाकावर बसा, रिकाम्या पोटी किंवा भरगच्च जेवून चढू नका, शाल आणि स्वेटर बरोबर घ्या.

प्रवासाचा खर्च? १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. आजेसासूबाईंचं वय पंचाहत्तरच्या पुढे असेल तर त्यांना तिकीटच नाही. भाकरी-चटणी आणि पाणी घरचं. बसमध्ये मागच्या चाकावरची जागा टाळा, हादरे बसतात. चारचाकी असेल तर पट्टा पोटाच्या खालून घ्या. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा, लघवी दाबून ठेवू नका. माता बाल संरक्षण कार्ड पिशवीत असू द्या. खड्ड्यांच्या रस्त्यानं मोटारसायकलवर लांब जाऊ नका.

आणि मोठ्या यात्रा, चेंगराचेंगरीची जागा टाळा. पौष पौर्णिमेची मांढरदेवीची यात्रा याच सुमाराला येते. २५ जानेवारी २००५ ला तिथे चेंगराचेंगरीत सुमारे ३०० माणसं गेली. देवीला नमस्कार घरून करा. बाळ झाल्यावर, गर्दी नसताना ओटी भरायला जाता येईल.

रक्त जाणं, पाणी जाणं, पोटात जोराची कळ, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी, तोंडा-हातावर सूज, ताप, झटके, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर सहल तिथेच थांबवा आणि १०८ ला फोन करा.

एक शेवटचं. पुस्तक, गाणं, फिरणं सगळं करूनही एखादीचं मन दोन आठवड्यांहून जास्त उदास राहतं. भूक नाही, झोप नाही, रडू येतं, नको ते विचार येतात. त्याला "नखरे" म्हणू नका. हा आजार आहे आणि तो बरा होतो. आशाताईला सांगा, डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा टेलिमानस चा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

तर पुढच्या बैठकीत चार गोष्टी विचारा. गटात सध्या गरोदर कोण आहे? तिची दुपार कोण उचलणार? पुस्तक कोण आणणार? आणि सहलीला तिच्याबरोबर कोण जाणार? उत्तरं वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. कर्जाचा ठराव जसा पाळतो, तसाच हा पाळू या. नमस्कार.