हरभऱ्याचे घरचे बियाणे : काढणी व वाळवण

सोलापूर जिल्ह्यात हरभरा बहुधा माघ-फाल्गुनात निघतो आणि पुढील पेरणी आश्विनात होते. घरी राखलेल्या बियाण्यास मधले सात-आठ महिने जिवंत राहावे लागते. त्यात उन्हाळ्याची काहिली व पावसाळ्याची सर्द हवा ही दोन्ही सोसावी लागतात. कोरडवाहू काळ्या रानात पेरणीजोगी ओल बहुतेक वर्षी एकदाच साधते. बी उगवले नाही, तर दुबार पेरणीस ओल कोठून आणावी? म्हणून बियाण्याची काळजी काढणीच्या दिवसापासूनच वाहावयास पाहिजे.

दाणा पुरता भरतो त्या सुमारास बी सर्वांत कसदार असते. इंग्लंडातील रेडिंग विद्यापीठाचे एलिस, हाँग व रॉबर्ट्स यांनी 1987 साली हरभरा, मसूर आदि सहा द्विदल पिकांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांचाही रोख हाच आहे. परंतु त्या वेळी दाण्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते व तो मळता येत नाही. तेव्हा थोडे थांबणे प्राप्तच आहे. पाने पिवळी पडून झडली, घाटे वाळले व हलविल्यास आत दाणा वाजू लागला, म्हणजे मात्र विलंब करू नये. आपल्या इकडे नेमकी याच वेळी ज्वारीची काढणी येते, मजूर तिकडे गुंततात व हरभरा रानातच तिष्ठत राहतो. आमच्या मते निदान बियाण्यापुरता तुकडा तरी आधी काढून घ्यावा. 1914 नव्हे, अगदी अलीकडे 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस व गारपिटीने या जिल्ह्यासह महाराष्ट्राचा मोठा भाग झोडपला, हे विसरता येत नाही. वाळलेला दाणा भिजून फुगतो, पुन्हा वाळताना आकसतो व त्याचे टरफल तडकते; बुरशीस तीच वाट मिळते.

काढणी पहाटे, दंव असताना करावी, म्हणजे घाटे गळत नाहीत. मळणीच्या वेळी मात्र निराळेच संकट असते. फाल्गुनातील कोरड्या हवेत दाणा इतका ठिसूळ होतो, की यंत्रात त्याची डाळ होऊ लागते. डाळ झालेली दिसते तरी. न दिसणारी इजा अधिक घातक. हरभऱ्याच्या दाण्यास जी चोच असते, तिच्यातच कोंभाचे मूळ पातळ टरफलाखाली असते. तेथे मार बसला, तर दाणा वरून अखंड, पण उगवणीस निकामी. म्हणून बियाण्याकरिता यंत्राचा वेग कमी ठेवावा, अथवा थोडेच बी हवे असल्यास काठीने हलके बडवून घ्यावे. विजय वाणाचे बी हेक्टरी 65 ते 70 किलो लागते. तेवढ्यासाठी हे श्रम जड नाहीत.

मळल्यावर बी ताडपत्रीवर पातळ पसरून सकाळ-संध्याकाळच्या उन्हात वाळवावे व वरचेवर हलवावे. भर दुपारी तापलेल्या सिमेंटच्या खळ्यावर ते टाकणे म्हणजे भाजणेच होय. प्रमाणित बियाण्याच्या नियमाप्रमाणे ओलावा साध्या पोत्यात 9 टक्क्यांहून व हवाबंद भांड्यात 8 टक्क्यांहून अधिक असू नये. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा स्थूल नियम असा, की ओलावा एका टक्क्याने घटला तर बियाण्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. बाटलीत कोरडे मीठ व दाणे हलवून पाहण्याची जी युक्ती सांगतात, तिने ठळक ओल तेवढी कळते. 12 टक्के व 9 टक्के यांतील भेद तिला कळत नाही. बाजार समितीत किंवा गोदामात ओलावामापक असतो, तेथे मूठभर दाणे नेऊन तपासावे.

पोत्यातील बी आषाढ-श्रावणात हवेतील ओल पुन्हा शोषून घेते व भुंगेऱ्यास आयते घर होते. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा बरा. मात्र ओले बी त्यात कोंडल्यास ते पोत्यातल्यापेक्षाही लवकर मरते.

भाद्रपद सरताच सरसकट उचललेले 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावे व आठव्या दिवशी मोजावे. 85 चांगले कोंभ आले तर बी प्रमाणास उतरले. 70 च्या आसपास आले तर त्या मानाने बियाणे वाढवावे. निम्मेच आले, तर ते डाळीस देऊन पेरणीपूर्वी दुसरे आणण्यास अद्याप अवधी असतो.