पिकअपची चासी गंजते तेव्हा

आज पापड-मसाल्याचं नाही आणि कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज गाडीच्या खाली शिरायचं आहे. आपल्या ओझर, सुकेणे, पिंपळगाव भागात आता बऱ्याच बचत गटांकडे जुनी का होईना, एक पिकअप आहे. टोमॅटो, कांदा, द्राक्षाचे क्रेट, खताच्या गोण्या, सगळं तिच्यावरच चालतं. इंजिनाचं तेल आपण वेळेवर बदलतो, टायर बघतो, आरशाला लिंबू-मिरची बांधतो. पण ज्या सांगाड्यावर ही सगळी गाडी बसलेली असते, ती चासी कोणी वाकून बघत नाही. आम्हीही बघितली नव्हती.

खंडेनवमीला गाडी धुवायला काढली. मागच्या चाकाच्या वर चिखलाचा वाळलेला गोळा होता, तो आमच्यातल्या एका मावशींनी खुरप्याने खरवडला. गोळ्याबरोबर तळहाताएवढा लोखंडाचा पापुद्राच खाली आला. मावशी म्हणाल्या, "अगं, ही तर भाकरीसारखी सुटतेय." आम्ही हसलो. मग टॉर्च लावून आत बघितलं आणि हसू थांबलं. पाट्याचा हँगर चासीला जिथे बसतो, तिथेच दोन बोटं जातील एवढं भोक होतं. आदल्याच दिवशी त्या गाडीत टोमॅटोचे क्रेट भरून गेले होते. क्रेटवर आमच्या दोघीजणी बसल्या होत्या. मालाच्या गाडीत माणसं बसवणं कायद्याला धरून नाही, हे आम्हाला माहीत होतं, तरी बसत होतो. त्या दिवसापासून बंद केलं, हे आधीच सांगून टाकतो.

आता चासी म्हणजे काय ते बघू. जमिनीवर आडवी ठेवलेली शिडी डोळ्यांसमोर आणा. दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. केबिन, हौदा, इंजिन, पाटे, सगळं या शिडीवर बोल्टने बसवलेलं असतं. काही गाड्यांची लांब पट्टी पन्हळीसारखी एका बाजूने उघडी असते, काहींची चौकोनी पाइपसारखी बंद. उघडीचा गंज निदान दिसतो. बंद पट्टीत पाणी आणि माती आत जाऊन बसते आणि ती आतून बाहेर गंजत येते. बाहेर डाग दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. म्हणूनच तळाला पाणी निघून जायला छोटी भोकं ठेवलेली असतात. आमच्या गाडीची ती सगळी भोकं काळ्या मातीने बुजली होती.

गंज धरायला लोखंड, पाणी आणि हवा एवढंच लागतं. मीठ किंवा क्षार मिळाले की काम भराभर होतं. अमेरिकेत थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, आणि तिथल्या पिकअपच्या चासी त्याने खाल्ल्या जातात. टोयोटा कंपनीच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सेकोया या गाड्यांच्या गंजक्या चासींचं प्रकरण तिथे कोर्टात गेलं होतं. २०१६ साली सुमारे १५ लाख गाड्यांबाबत तडजोड ठरली. गाड्या तपासायच्या आणि गरज असेल तिथे चासी बदलून द्यायची.

आपल्याकडे बर्फ नाही, मग मीठ कुठून आलं? ते आपणच हौद्यात भरतो. पोटॅश खत म्हणजे एक क्षारच. गोणी फाटली, दाणे फटीत गेले, पहाटेचं दव पडलं की ते पाणी धरून बसतात. शेणखत कायम ओलं. पिचलेल्या टोमॅटोचं आंबट पाणी फळ्यांच्या फटीतून थेट चासीवर गळतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोरचूद. द्राक्षाला बोर्डो मारताना मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नका, प्लास्टिकच्या टाकीतच भिजवा, असं आपल्याला सांगतात. त्याचं कारण इथे कळतं. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड गेलं की लोखंड विरघळतं आणि त्यातलं तांबं लोखंडावर बसतं. खिळा बुडवून बघा, थोड्या वेळात लालसर होतो. फवारणीची अर्धी भरलेली टाकी हौद्यात डुचमळत नेतो तेव्हा चासीला आपण तेच पाणी पाजत असतो.

तपासायचं कसं, तर त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. तारेचा ब्रश, हातोडी, जुना स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च पुरे. आधी चिखल काढून गाडी पूर्ण वाळू द्या. मग चासीच्या दोन्ही पट्ट्यांवर टोकापासून टोकापर्यंत हातोडीने हलकं ठोकत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं. खाल्लेलं भदभद वाजतं, मडक्याला तडा गेला की वाजतं तसं. जिथे आवाज बदलेल तिथे खडूने खूण करा आणि स्क्रू-ड्रायव्हर जोर लावून टोचा. टोक आत गेलं, तर तिथे लोखंड उरलेलं नाही. पाट्यांच्या हँगरभोवती, मागच्या अ‍ॅक्सलच्या वरच्या वळणावर, आडवी पट्टी जिथे लांब पट्टीवर बसते त्या सांध्यात आणि चाकांच्या मागे जास्त बघा. ब्रेकच्या नळ्या चासीला धरूनच जातात, त्याही बघून घ्या. नळी गंजलेली असेल तर चासीच्या आधी ती बदला.

गाडीखाली जाताना एक गोष्ट कधीही करू नका. नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. विटाही नकोत, वीट एका क्षणात फुटते. लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावा, पुढच्या चाकांना अटकण लावा, आणि गाडी हाताने हलवून बघितल्यावरच खाली जा. एकटीने जाऊ नका.

सापडलेल्या गंजाचे तीन प्रकार होतात. नुसता वरचा लालसर थर असेल तर ते घरचं काम आहे. पापुद्रे सुटतात पण खाली लोखंड जाड आणि टणक आहे, तेही बहुतेक घरी जमतं. भोक पडलं असेल किंवा चासी हाताला पातळ लागत असेल, तर ते वेल्डरचं काम. आणि ओळीने बरीच भोकं असतील किंवा चासी वाकली असेल, तर गाडी उभी करा. त्या गाडीवर खर्च करू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरच्या कामात निम्म्याहून जास्त वेळ खरवडण्यात जातो. सुटलेला गंज हातोडीने आणि खरवडणीने काढा, मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. ग्राइंडर असेल तर काम लवकर होतं, पण डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला मास्क हवाच. साडीचा पदर किंवा ओढणी ग्राइंडरजवळ नको. आम्ही घरातल्या पुरुषांचे जुने शर्ट-पँट घातले आणि केस घट्ट बांधले. नंतर थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसा. खाचेत चिकटून राहिलेल्या पातळ गंजावर गंज बदलणारं द्रावण मिळतं. त्यात बहुधा फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं, ते गंजाचा काळसर टणक थर बनवतं. पण ते सुटलेल्या पापुद्र्यावर लावून काही उपयोग नाही. हातमोजे घाला आणि उरलेलं द्रावण कधीही थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात पोरंबाळं असतात. डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मग प्रायमरचे दोन हात, रेड ऑक्साइड चालेल, एपॉक्सी किंवा जस्ताचा प्रायमर परवडला तर उत्तम. त्यावर काळा रंग. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. आम्हाला घाई होती, म्हणून एका बाजूला ओल्यावरच दुसरा हात मारला. तो रंग महिन्यात सुरकुतला आणि पुन्हा खरवडावा लागला.

आता भोकाचं. पहिल्या वेल्डरदादांनी सांगितलं, "ताई, अर्ध्या तासात ठिगळ मारून देतो, उद्या माल भरा." ऐकायला फार गोड वाटलं. टोमॅटोचा हंगाम होता, एक दिवस गाडी उभी राहिली तर भाड्याची गाडी करावी लागत होती. गटाच्या बैठकीत दोन मतं झाली. एकीने तर सांगितलं, काळा रंग मारू आणि विकून टाकू, घेणारा बघून घेईल. राग यायच्या आधी हेही सांगायला हवं, की तिच्याच नावावर गाडीचं कर्ज होतं. रात्री साडेनऊपर्यंत बोललो. शेवटी विषय आला तो त्या क्रेटवर बसलेल्या दोघींचा. घेणाऱ्याच्या गाडीतही कोणीतरी बसेलच. मग गाडी उभी केली.

दुसऱ्या वेल्डरकडे जाताना आमच्याबरोबर विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आले. आपल्या गावात १९६४ साली तो कारखाना आला तो मिग विमानांसाठी, आणि गावालाच ओझर मिग म्हणू लागले. त्यामुळे वेल्डर म्हणाला, "मिग वेल्डिंग करू," तेव्हा आमच्या मावशींना वाटलं, गाडी आता कारखान्यात न्यायची. मिग वेल्डिंग म्हणजे सारखी सुटत येणारी बारीक तार आणि वर गॅसचं आवरण. नेहमीच्या काडीच्या वेल्डिंगनेही चासीचं काम होतं, पण हात पक्का हवा. पातळ लोखंडावर काडीने आणखी भोकं पडतात.

काकांनी आम्हाला जे विचारायला शिकवलं, ते तुम्हीही वेल्डरला विचारा. पहिलं, गंजलेला भाग कापून चांगल्या लोखंडापर्यंत जाणार का? गंजावर ठिगळ मारलं तर वेल्ड गंजाला धरतं आणि गंज कशालाच धरत नाही. दुसरं, प्लेट किती जाडीची? चासीच्या चांगल्या भागाची जाडी व्हर्निअरने मोजा. आमची साडेतीन मिलिमीटर भरली. प्लेट तेवढीच घ्यायची. डब्याचा पातळ पत्रा नको. आमच्याकडे द्राक्षबागेचे उरलेले अँगल होते, ते आम्ही मोठ्या हौसेने नेले. वेल्डरने परत पाठवले. त्यांना जस्ताचा मुलामा असतो, वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. तिसरं, ठिगळाचा आकार. चौकोनी ठिगळ लावून चासीच्या उंचीवर उभी सरळ वेल्ड मारली, तर नेमकी त्या रेघेवर पुढे चीर जाते. म्हणून प्लेटची टोकं तिरकी, शंकरपाळ्यासारखी निमुळती कापायची आणि कोपरे गोल करायचे, म्हणजे ताण एका रेघेवर येत नाही.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायच्या. वेल्डिंगची अर्थिंगची पकड कामाच्या अगदी जवळ लावायची, नाहीतर करंट बेअरिंगमधून फिरून जातो. डिझेलची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग बाजूला करायचं, टाकी जवळ असेल तर उतरवायची. वाळूची बादली आणि पाणी हाताशी ठेवायचं. आपल्याकडे चासीवर जळकं इंजिन ऑइल डिझेलमध्ये मिसळून फवारतात. त्याने गंज थोडा थांबतो हे खरं, पण रबराचे बुश खराब होतात, तेल मातीत गळतं, आणि वेल्डिंगच्या ठिणगीने तेच पेटतं. आमच्या गाडीवर आधीच्या मालकाने ते मारलेलं होतं, सगळं पुसून काढण्यातच एक दिवस गेला.

वेल्ड एका दमात लांब ओढू नका म्हणावं, तुकड्या-तुकड्याने, थंड होऊ देत, नाहीतर चासी खेचली जाते. काम झालं की बाहेरून रंग मारून सगळे मोकळे होतात. पण वेल्डच्या पाठीमागे, आतल्या बाजूला, उष्णतेने रंग जळालेला असतो आणि नवा गंज तिथूनच धरतो. आत प्रायमर पोचवा, बंद पट्टीत लांब नळीने मेणाचं द्रावण फवारा. पुट्टी आणि एमसील चासीला कधीच नाही. भोक दिसेनासं होतं एवढंच, भार ते पेलत नाहीत. जुनी गाडी घ्यायला गेलात आणि चासी नव्या काळ्या रंगाने चमकत असेल, तर कौतुक करू नका, हातोडी काढा.

एक कागदाचीही गोष्ट. चासीवर ठोकलेला नंबर ग्राइंडरखाली जाऊ देऊ नका. कुठे आहे ते आधी शोधा, त्याचा फोटो काढा, त्यावर चिकटपट्टी लावा. तो पुसला गेला तर आरटीओत गाडी तुमचीच आहे हे सांगत बसावं लागेल. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. आमची तारीख जवळच होती. ठिगळ मारून घेतल्यावर आम्ही लपवलं नाही, वेल्डरची पावती बरोबर ठेवली.

गाडी अठरा दिवस उभी होती. भाड्याच्या गाडीने त्या हंगामातला नफा बराचसा खाल्ला. आता हौद्यात जाड ताडपत्री असते, खत आणि फवारणीची टाकी तिच्याशिवाय भरायची नाही. दर अमावस्येला, शेतावरची कामं थोडी कमी असतात तेव्हा, दोघीजणी पाण्याच्या साध्या नळीने खालून गाडी धुतात, तळाची भोकं सायकलच्या तारेने मोकळी करतात आणि हातोडीने एक फेरी मारतात. डाव्या हँगरच्या मागे खडूची एक खूण अजून आहे. तिथला आवाज टण आणि भद यांच्या मधला येतो. पुढच्या खंडेनवमीच्या आत ती जागा उघडून बघायची, असं बैठकीच्या वहीत लिहून ठेवलं आहे.