अंगावर उठलेले फोड आणि परळची वारी
(फुप्फुसाचा कर्करोग : लेखांक 5)

मागच्या आठवड्यात आपण बायोप्सीच्या तुकड्यावर होणाऱ्या ‘ईजीएफआर’ तपासणीपाशी थांबलो होतो. त्यात बदल सापडला, की बऱ्याचदा जेफिटिनिब सुरू होते. 250 मिलिग्रॅमची एक गोळी, रोज. केमोचा धसका घेऊन कुडाळहून तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसलेला माणूस परळच्या टाटा रुग्णालयातून गोळ्या घेऊन मालवणला परततो आणि घरच्यांना वाटते, एवढ्यावर भागले.

मग काही दिवसांत नाकावर, कपाळावर, छातीवर मुरुमांसारखे फोड उठतात. पोट बिघडते. ‘माका ही गोळी सोसणा नाय’ म्हणून गोळी परस्पर बंद होते. शेजारीपाजारी उष्णतेला दोष देतात; पण उष्णतेचा इथे काही संबंध नाही. ईजीएफआर म्हणजे पेशीला ‘वाढ’ असा निरोप पोचवणारा दरवाजा. गाठीत तो बिघडून सताड उघडा राहतो, गोळी त्याला कडी घालते. तसाच दरवाजा त्वचेत आणि आतड्याच्या अस्तरातही असतो. कडी तिथेही थोडीफार लागते.

या फोडांना मुरुमांचे बाजारी मलम लावू नये, कातडी आणखी सोलवटते. साधे मॉइश्चरायझर लावावे, ऊन टाळावे. गरज पडली तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. (बंदरावर मासळीच्या लिलावाला उभ्या राहणाऱ्या बाईला ‘ऊन टाळा’ सांगणे किती सोपे!) जुलाब झाले तर ओआरएस आणि मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज चालते, पण ते थांबत नसतील तर डॉक्टरांना कळवायलाच हवे. आणि तिखट कढीनंतर सवयीने घेतली जाणारी ॲसिडिटीची गोळी? ओमेप्राझोलसारख्या औषधाने पोटातले आम्ल घटते आणि जेफिटिनिब नीट शोषले जात नाही. डॉक्टरांना न विचारता ती घेऊ नये.

या गोळीला केमोची जोड दिली तर? टाटा रुग्णालयातच 350 रुग्णांवर हा प्रयोग झाला. निष्कर्ष 2020 साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त छापून आले. निव्वळ जेफिटिनिबवर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ 8 महिने होता. पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन जोडल्यावर तो 16 महिने झाला. पण गंभीर दुष्परिणामही सुमारे 25 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर गेले. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याने आणि मालवणच्या माणसाने हा दुसरा आकडा सारखाच वाचू नये, असे मला वाटते. केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या आणि रात्री ताप भरला, तर मालवणच्या माणसाला टाटा रुग्णालय सुमारे 500 किलोमीटरवर आहे. म्हणून केमोला होकार देण्याआधीच विचारून ठेवावे: रक्ताची तपासणी गावाजवळ कुठे होईल, अहवाल कोणाला पाठवायचा, तापात पहिला फोन कोणाला करायचा. पेमेट्रेक्सेडसोबत फॉलिक ॲसिडची गोळी आणि बी-12चे इंजेक्शन असते. दुष्परिणाम कमी करण्यासाठीच ती दिलेली असतात, पण ‘जीवनसत्त्वाची गोळी’ म्हणून नेमकी तीच चुकवली जाते.

फोडांसाठी पुढच्या भेटीपर्यंत थांबता येते. जेफिटिनिब चालू असताना अचानक धाप वाढली, कोरडा खोकला बळावला, तर मात्र नाही. क्वचित या गोळीने फुप्फुसालाच सूज येते आणि ती जिवावर बेतू शकते. अशा वेळी तुतारीच्या रिझर्व्हेशनची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठायचे आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्यायचे.