बहुरूप्याचें सोंग आणि लोकांची ओळख

मनुष्यास हंसविण्याचीं जीं साधनें आहेत, त्यांत नक्कल हें अत्यंत जुनें आणि तितकेंच नाजूक साधन आहे. जुनें अशासाठीं कीं, लहान मूल बोलावयास शिकतें तेंच मुळीं मोठ्यांची नक्कल करून; आणि नाजूक अशासाठीं कीं, नक्कल व फसवणूक यांच्यामधील अंतर फार थोडें असतें. पोलीस नसलेला मनुष्य पोलिसाचा वेष घेऊन दाराशीं उभा राहिला, तर तो तोतया आहे कीं कलावंत, हें केवळ वेषावरून सांगतां येत नाहीं. आपलें सोंग समोरच्यानें अखेरीस ओळखावें, अशी त्याची इच्छा आहे कीं नाहीं, यावर तें अवलंबून असतें. तोतया ओळख टाळतो. कलावंत ओळखीची वाट पाहतो. नांदेड व लातूर या भागांत आणि एकंदर मराठवाड्यांत नकलेचे जे प्रकार चालत आले, त्यांचा विचार केला असतां हा भेद तर स्पष्ट होतोच, पण तो टिकविण्यास किती लोकांचा हातभार लागतो, हेंहि ध्यानांत येतें.

या कलेचा सर्वांत एकाकी उपासक म्हणजे बहुरूपी. त्याला रंगमंच नाहीं, पडदा नाहीं, तिकीट नाहीं. त्याचें नाट्यगृह म्हणजे गांवची गल्ली, आणि त्याचा प्रेक्षक म्हणजे ओसरीवर बसलेला घरधनी. जुन्या रिवाजाप्रमाणें तो एका गांवीं कांहीं दिवस मुक्काम करी आणि रोज नवें सोंग काढी. आज शंकर, उद्यां मारुती, परवां फौजदार किंवा डॉक्टर, आणि एखाद्या दिवशीं अर्धें अंग पुरुषाचें व अर्धें स्त्रीचें असें सोंग. शेवटच्या दिवशीं तो आपल्या नेहमींच्या वेषांत घरोघर जाई आणि बिदागी घेई. हा क्रम वरवर साधा दिसतो, परंतु त्यांत एक पक्का हिशेब होता. पहिल्या दिवशीं कोणी खरोखरच दचकला, तरी शेवटच्या दिवशीं सर्वांचा उलगडा होत असे, आणि जो फसला तोच सर्वांच्या आधीं हंसून धान्याचें माप पुढें करी. म्हणजे बिदागी ही केवळ सोंगाची किंमत नसून, सोंग पुरें होऊन दोन्ही पक्ष पुन्हां सारखे झाल्याची ती पावती असे.

फौजदाराच्या सोंगाकडे बारकाईनें पाहिलें, तर या हिशेबाचें मर्म कळतें. बहुरूपी मोठ्या ऐटींत येतो, जरबेनें घरधन्याचें नांव विचारतो आणि त्याच्यावर आरोप ठेवतो. पण आरोप असा कांहीं चमत्कारिक असतो, आणि त्याचें बोलणें असें कांहीं यमकांत शिरतें, कीं ऐकणाऱ्याच्या भीतीचें रूपांतर पाहतां पाहतां हंशांत व्हावें. वेष हुबेहूब आणि बोलणें विसंगत, या दोहोंच्या मध्यें विनोद उभा असतो. वेषही विसंगत असता तर कोणी दचकला नसता. बोलणेंही हुबेहूब असतें तर तो गुन्हा झाला असता. खरें सोंग अगदीं पूर्ण कधींच नसतें. ओळख पटण्यापुरती एक फट त्यांत मुद्दाम ठेवलेली असते.

हीच गोष्ट दुसऱ्या रीतीनें भारुडांत आढळते. पैठणच्या एकनाथांनीं सोळाव्या शतकांत जीं भारुडें रचिलीं, त्यांत वासुदेव, जोशी, गोंधळी, मुका, बहिरा अशीं अनेक माणसें स्वतःच्या तोंडानें बोलतात. कीर्तनाच्या किंवा जागराच्या रात्रीं भारुडकार तें सोंग घेऊन उभा राहतो, आधीं हंसवितो आणि मागाहून त्या सोंगाचा परमार्थ उलगडून दाखवितो. औरंगाबाद, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगर, जिल्ह्यांतील निरंजन भाकरे यांनीं सोंगी भारुडाचा हा प्रकार महाराष्ट्रभर नेला. २०२१ सालीं करोनाच्या सांथींत त्यांचें निधन झालें. बहुरूप्याच्या सोंगाचा शेवट बिदागीनें होतो, भारुडाचा अर्थानें; पण दोन्हींकडे उलगडा हा सोंगाचाच भाग आहे.

तमाशांत सोंगाड्यास याहून मोठें रान मिळतें. गणानंतर गवळण येते, तींत पुरुष नट ‘मावशी’ होऊन येतो. लुगड्याचा पदर, बोळकें तोंड आणि फणकारा यांनीं प्रेक्षकांस ती मावशी पटते, आणि ती पुरुष आहे हें ठाऊक असल्यानेंच हंसूं येतें. पुढें बतावणींत व वगांत सोंगाड्या राजाच्या पदरीं शिपाई म्हणून वावरतो आणि राजाच्या प्रत्येक आज्ञेचा भलताच अर्थ लावून दरबाराची अब्रू वेशीवर टांगतो. वगाची कथा ठरलेली, पण सोंगाड्याचीं वाक्यें पुष्कळ अंशीं त्या रात्रीच्या प्रेक्षकांवर अवलंबून असतात. दादू इंदुरीकर यांच्या ‘गाढवाचं लग्न’ची कीर्ति या हजरजबाबीपणामुळें झाली, कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या बंधूंनीं तर निसर्गानें दिलेलें सारखेपणच विनोदाच्या कामीं लावलें. नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांव येथें मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवें, उंट यांच्या बाजारासाठीं ती प्रसिद्ध आहेच, पण तमाशाचे फड, वाघ्या-मुरळी आणि भटके कलावंत यांची तेथें जी गर्दी होते, तींत सोंगाड्यास आपला प्रेक्षक एकाच रात्रींत पारखावा लागतो. कारण शेजारच्याच तंबूंत दुसरा फड उभा असतो.

नकलाकाराला या भागांत भाषेची मोठीच सामग्री मिळाली आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता आणि दरबारची भाषा उर्दू होती. देगलूर-बिलोलीकडे तेलुगु कानांवर पडते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, आणि बाजारपेठेंत दखनी. त्यांत मराठवाड्याची मराठीहि आपल्या वळणाची. ‘करीत आहे’ याऐवजीं ‘करायलो’, ‘जात आहे’ याऐवजीं ‘जायलो’. तेलंगणाच्या सीमेवरील व्यापारी, जुन्या अमदानींतील अंमलदार, पुण्याहून आलेला पाव्हणा आणि खेड्यांतील पाटील हे एका बैठकींत आले, कीं नकलाकारास वेगळी कथा रचावी लागत नाहीं. चौघांच्या बोलण्याच्या चार चाली हीच कथा होते. मात्र येथेंच एक कसोटी आहे. बोलीची नक्कल दोन प्रकारें करतां येते. एकींत बोलणारा हास्यास्पद ठरतो, आणि दुसरींत बोलणाऱ्याच्या चातुर्यानें ऐकणारा दिपतो. मराठवाड्याची बोली पुष्कळ वर्षें पुण्यामुंबईच्या रंगभूमीवर पहिल्या प्रकारें आली.

दुसरा प्रकार डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनीं सिद्ध केला. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठांत नाट्यशास्त्राचे अध्यापक असलेल्या देशपांड्यांनीं १९७९ सालीं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग रंगभूमीवर आणला. मराठवाड्याच्या खेड्यांतील वऱ्हाड विमानांत बसून विलायतेला लग्नासाठीं जातें, एवढेंच कथानक. पण त्यांतील बावन्न पात्रें एकच नट, वेष न पालटतां, उभी करीत असे. म्हातारीचा वांकलेला खांदा, गांवपुढाऱ्याची छाती, पोराची चुळबुळ, विलायती बाईचा स्वर; दर क्षणीं एक खूण घेऊन दुसरी सोडावयाची. नकलेचें तंत्र येथें उघडें होतें. नकलाकार मनुष्य सबंध उचलीत नाहीं. तो त्याची एकच खूण वेंचतो, ती किंचित् मोठी करतो, आणि बाकीचा मनुष्य प्रेक्षक आपल्या स्मरणांतून पुरवितो. ज्याच्या स्मरणांत तसा मनुष्य नाहीं, त्याच्यापुढें उत्तमांतील उत्तम नक्कलही मुकी राहते. पु. ल. देशपांडे यांनीं १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानें रंगविली तेव्हां गिरगांवच्या चाळकऱ्यांनीं जसें स्वतःस ओळखलें, तसें मराठवाड्यानें ‘वऱ्हाडा’त स्वतःस ओळखलें, आणि न लाजतां ओळखलें. २००९ च्या फेब्रुवारींत देशपांडे वारले. पुढें मराठवाड्याचेच नट संदीप पाठक यांनीं तो प्रयोग चालविला.

योगायोगाची गोष्ट अशी कीं, त्याच वर्षीं मे महिन्यांत अमेरिकेंतील लास व्हेगास येथील डॅनी गॅन्स नांवाचा नकलाकार निवर्तला. १९९६ पासून त्या शहरांत तो रंगमंचावर येत होता, आणि २००० ते २००८ या काळांत मिराज नांवाच्या प्रचंड हॉटेलांतील नाट्यगृह त्याच्याच नांवानें ओळखलें जात असे. फ्रँक सिनात्रासारख्या गायकांचे व नटांचे आवाज तो एकामागून एक काढी. त्या शहराची रीत अशी कीं, जुगाराच्या घरीं गिऱ्हाईक यावें आणि रेंगाळावें म्हणून शेजारीं नाट्यगृह बांधलेलें असतें. पूर्वीच्या काळीं तर खेळाची तूट जुगाराच्या नफ्यांतून भरून काढीत. तेथें प्रेक्षक कलावंताकडे येतो आणि पैसे आधीं देतो. बहुरूपी प्रेक्षकाकडे जातो आणि पैसे शेवटीं मिळतात, तेहि मिळाले तर. तेथें तिकीट हाच उलगडा असतो. आंत शिरतांनाच प्रत्येकाला ठाऊक असतें कीं पुढें सोंग आहे. बहुरूप्याजवळ तिकीट नाहीं, म्हणून समोरच्याची ओळख हेंच त्याचें एकमेव संरक्षण.

तें संरक्षण आतां विरळ झालें आहे. १९५९ च्या मुंबई भिक्षा-प्रतिबंधक कायद्यानें भीक मागण्याची जी व्याख्या केली, तींत गाणें, नाचणें, भविष्य सांगणें किंवा खेळ करणें अशा निमित्तानें दान मागणेंही समाविष्ट आहे. म्हणजे ज्या मनुष्यास समाजानें पिढ्यानपिढ्या बिदागी दिली, तो कायद्याच्या भाषेंत भिकारी ठरला. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०१८ च्या ऑगस्टमध्यें त्या प्रदेशापुरतीं या कायद्याचीं पुष्कळ कलमें घटनाबाह्य ठरविलीं. महाराष्ट्र शासनानें भटक्या जमातींच्या यादींत बहुरूप्यांची नोंद केली आहे. परंतु यादींतील नांव दारावर उपयोगी पडत नाहीं. पोलिसाच्या वेषाचा धोका तर निराळाच आहे, कारण लोकसेवकाचा वेष लोकांस खरा वाटावा म्हणून घालणें हा १८६० च्या दंडसंहितेपासूनचा गुन्हा आहे. बहुरूप्याचा उलगडा येथें केवळ रिवाज राहत नाहीं. तो त्याचा बचाव असतो.

याहून भयंकर गोष्ट अफवेची. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारे आले आहेत अशा भ्रमणध्वनीवरून पसरलेल्या अफवेच्या भरांत, जमावानें पांच निरपराध माणसांचा जीव घेतला. तीं माणसें, बहुतेक सोलापूर जिल्ह्यांतील, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं, भिक्षेसाठीं फिरणारीं होतीं. त्यांनीं कोणतेंही सोंग घेतलें नव्हतें. अनोळखी असणें एवढाच त्यांचा दोष. जेथें साध्या वेषांतील भटक्याची ही गत, तेथें वेष पालटून फिरणाऱ्यानें कोणत्या धीरानें गांवांत शिरावें?

शहरांतही चित्र फारसें निराळें नाहीं. शिक्षणाच्या ‘पॅटर्न’मुळें लातुरांत गांवोगांवचीं मुलें येऊन भाड्याच्या खोल्यांतून राहतात, नांदेडच्या नव्या वसाहतींत फाटकाशींच पहारेकरी नांव लिहून घेतो. जेथें शेजाऱ्याचा खरा चेहरा ठाऊक नाहीं, तेथें बहुरूप्याचा खोटा चेहरा ओळखणार कोण? मात्र नकलेची आवड नाहींशी झालेली नाहीं. १९९४ सालीं नांदेड येथें स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवांत नक्कल हा स्पर्धेचा विषय असतो, आणि थोड्याशा मिनिटांत रेलगाडी, मोटार, पक्षी, नट व पुढारी यांचे आवाज काढणारीं मुलें सभागृह डोक्यावर घेतात. त्यांना टाळी मिळते, पारितोषिक मिळतें, आणि पुढें दूरचित्रवाणीचें दारही उघडूं शकतें. हीं मुलें ज्या कलेवर उभीं आहेत, तीच बहुरूप्याची कला होय. भेद एवढाच कीं, त्यांच्याभोंवतीं चार भिंती व परीक्षक आहेत.

भिंती व परीक्षक नसलेल्या कलावंताचा न्याय ज्याच्या त्याच्या उंबरठ्यावर होतो. त्यासाठीं विशेष कांहीं करावें लागत नाहीं. दाराशीं फौजदार उभा राहिला आणि त्याच्या आरोपाचें यमक जुळत आहे असें दिसलें, तर त्याला सोंग पुरें करूं द्यावें, गांव व नांव विचारावें, आणि निरोप देतांना हातावर कांहीं ठेवावें. दान म्हणून नव्हे. त्याचें सोंग ओळखलें, एवढें त्याला कळावें म्हणून.